भावजींचा जोडधंदा

आमच्या भावजींना त्यांच्या ऑफिसात सगळे ‘फुंकर’ म्हणतात. विमा कंपनीचे चार मजले आणि तिथले सगळे कॉम्प्युटर दुरुस्त करणं ही त्यांची नोकरी. कुठल्याही मजल्यावर कॉम्प्युटर बंद पडला की हे आधी झाकण काढणार, आत फुंकर मारणार, धूळ डोळ्यांत गेली की डोळे चोळणार आणि मग विचारणार, "काय झालंय?" निम्मे कॉम्प्युटर म्हणे तेवढ्यावरच सुरू व्हायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. माझ्या मिक्सरपासून ह्यांच्या दाढीच्या मशीनपर्यंत एकही यंत्र त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. पण माणूस नाकासमोर चालणारा. लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी चिडवायचे, "भावजी, मुलगी बघायला गेलात तर आधी तिचं झाकण उघडून बघाल तुम्ही." ते हसायचे आणि ताटातली भाजी पुन्हा मागायचे.

आता मी त्यांच्याशी बोलत नाही. का, ते सांगते. चूक माझी वाटली तर वाटू दे.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात हे जोडधंद्याचं शिरलं. झालं असं, की त्यांच्या ऑफिसात कुणीतरी गिऱ्हाइकांची माहिती बाहेर विकली. बाहेरून एक तपासनीस आला. त्यानं एक कॉम्प्युटर जप्त केला, त्याची डिस्क काढली आणि पुसून टाकलेलं सगळं परत वर आणलं. चोर सापडला. भावजी दिवसभर त्या माणसाच्या खुर्चीमागं उभे होते. घरी आले ते लहान मुलासारखे. "वहिनी, कॉम्प्युटर विसरत नाही काही. माणूस पुसतो, पण ते आत राहतं." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "बरं झालं आमच्या लग्नाच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, नाहीतर ह्यांनी काय काय कबूल केलं होतं ते सगळं बाहेर आलं असतं." हे पेपरामागून म्हणाले, "मी काहीच कबूल केलं नव्हतं."

भावजींनी मात्र मनावर घेतलं. नोकरी सांभाळून अभ्यास, परीक्षा, पुन्हा परीक्षा. माझं शिलाई मशीन ज्या खोलीत होतं ती खोली त्यांनी मागितली आणि मी दिली. आनंदानं दिली, उगाच खोटं कशाला बोलू. टेबल आलं, कुलपाचं लोखंडी कपाट आलं. एक छोटा काळा डबा आला. मूळ डिस्कची कॉपी करताना तो मधे लावायचा, म्हणजे डिस्कमधलं वाचता येतं पण तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. तो डबा ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बाहेरच्या दारावर ‘संगणक तपासणी’ अशी पाटी लागली. शेजारणीनं विचारलं, "चष्म्याचा नंबर काढून देतात का?"

संध्याकाळी काम नसलं की ते मला शिकवत बसायचे. "समजा वहिनी, एखाद्या खोलीत खून झाला. तर पोलीस आल्या आल्या खोली झाडून घेतात का? नाही ना? तसंच हे. आलेल्या वस्तूला आधी हात लावायचा नाही. जशी आहे तशी बघायची, फोटो काढायचे, मग पुढचं." आणि दुसरा एक नियम होता, त्याचा त्यांना फार अभिमान. कुणी काम घेऊन आलं की ते बोलूच द्यायचे नाहीत. "कोण खरं, कोण खोटं, मला काही सांगू नका. एकदा ऐकलं की डोळे तेवढंच शोधतात. वस्तू द्या आणि जा." लोक बिचारे आपलं दुःख घशात घेऊन परत जायचे. एका व्यापाऱ्याला तर त्यांनी दारातच गप्प केलं होतं. मी म्हणायचे, अहो, निदान पाणी तरी द्या. पण कामं थोडी का होईना, यायला लागली होती.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचं झालं.

धाकटी एका खाजगी लॅबमध्ये होती. रक्त तपासायचं, आलेला आकडा कॉम्प्युटरवर चढवायचा, रिपोर्ट छापायचा. आई-बाप लवकर गेले, तिला मी वाढवली, शिकवली. तिनं लग्न मोडलं तेव्हा नातेवाइकांची तोंडं मीच बंद केली. एकटी खोली घेऊन राहायची, आणि त्या नोकरीवर तिचा जीव होता. पांढरा कोट इस्त्री करून घालायची. मी हसायचे, "जशी काही ऑपरेशनच करणार आहेस." म्हणायची, "ताई, माझ्या आकड्यावर डॉक्टर औषध देतो. ऑपरेशनपेक्षा कमी आहे का ते?"

त्या लॅबमधून एका मास्तरांचा चुकीचा रिपोर्ट गेला. त्यांच्या नावावर दुसऱ्याच पेशंटची साखर. आकडा भयंकर होता, म्हणून दवाखान्यात त्यांना इन्शुलिन दिलं, आणि मुळात साखर ठीक असलेला तो माणूस बेशुद्ध पडला तो उठलाच नाही. चौकशी समिती बसली. कॉम्प्युटर सांगत होता की मास्तरांचा आकडा दुपारी बदलला गेला, आणि दुपारी तिथं धाकटीच होती. संध्याकाळी ती घरी जायची, मग मालकाचा पुतण्या बसायचा. धाकटी म्हणाली, मी बरोबर आकडा टाकला होता, नंतर कुणीतरी बदललाय. पुतण्या म्हणाला, मी त्या रिपोर्टला हातच लावला नाही. बाकीची माणसं खाली बघत राहिली. मालकाचं मीठ खात होती ना.

समितीनं तिला सांगितलं, तुला कॉम्प्युटर तपासून घ्यायचा असेल तर घे, तुझा माणूस आण. मोठे तपासनीस तिला कुठून परवडणार? मी भावजींसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "वहिनी, ती घरची आहे. मी घेणं बरोबर नाही."

"मग परक्यानं घ्यावं? त्याला काय पडलंय?"

"तसं नाही. उद्या म्हणतील, नात्यातला आहे, हवं ते लिहिलं."

"तुम्ही लिहाल का हवं ते?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यांनी समितीला नातं आधीच कळवलं. समितीनं हरकत घेतली नाही. कॉम्प्युटर सीलबंद पोत्यातून आमच्या घरी आला, लॅबचा शिपाई घेऊन आला. धाकटीही मागोमाग आली होती. दारातच तिनं सुरुवात केली, "दादा, त्या कॉम्प्युटरचं ना..." भावजींनी हात वर केला. "काही सांगू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. मी सगळं बघितलं की मग बोलू." ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, त्यांचा नियम आहे तो. ऐक त्यांचं." ती चहासुद्धा न घेता गेली.

त्या दिवशी भावजींनी रजा काढली होती. सीलचे फोटो काढले, सील तोडलं, पुन्हा फोटो. झाकण उघडून डिस्क अशी अलगद बाहेर काढली की जणू तान्हं मूल उचलतायत. काळा डबा मधे लावला, कॉपी सुरू केली. सगळं पुस्तकाप्रमाणं. एवढ्या मोठ्या डिस्कची कॉपी व्हायला अख्खी दुपार जाते. आणि दुपारभर त्यांच्यासमोर तो उघडा खोका पडलेला. डिस्क निघालेली, म्हणजे त्यांच्या लेखी आता त्यात काही उरलेलं नाही.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते फुंकर मारत होते. "बघा वहिनी, काय दशा करून ठेवलीय. पंखा धुळीच्या बोळ्यांनी भरलाय नुसता." मीच त्यांना जुनं फडकं आणून दिलं. त्यांनी पंखा पुसला. मग आतून तो बटणाएवढा सेल काढला, जिभेला लावून बघितला, म्हणाले, "मेलाय. वर्षानुवर्षं बदलला नसणार," आणि ड्रॉवरमधून नवा काढून बसवला. वीस-बावीस वर्षं हेच करत आलेला माणूस. ऑफिसात जुना कॉम्प्युटर हाताखाली आला की फुंकर, सेल, घड्याळ, याच क्रमानं. हातांना विचारावं लागत नाही. पंखा फिरतो का बघायला त्यांनी खोका चालू केला. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आली.

"किती वाजले, वहिनी?"

मी भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलं. त्यांनी ते तिथं टाकलं. पंखा मऊ आवाजात फिरायला लागला. भावजी खुशीत होते. मी पण. मला वाटलं, आता होतंय काम.

कॉपी झाली. दोन दिवस ते त्या कॉपीत बुडालेले होते. मास्तरांचा रिपोर्ट सापडला, जुना बरोबर आकडा सापडला, तो धाकटीनंच टाकलेला होता. बदललेला आकडाही सापडला आणि तो बदलल्याची वेळही. दुपारचीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला बोलावलं.

"आता बोल," म्हणाले. "तेव्हा काय सांगत होतीस?"

"तेच, घड्याळाचं. तो कॉम्प्युटर इंटरनेटला नाही ना. रात्री मेन स्विच बंद केला की त्याचं घड्याळ थांबतं. सकाळी मागं पडलेलं असतं. कुणीतरी अंदाजानं पुढं करतं, नीट कुणी लावतच नाही, आम्ही भिंतीवरचं बघतो. तो दुपार दाखवतो तेव्हा खरी संध्याकाळ असते, मी घरी गेलेली असते. लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण आता कुणी बोलत नाही. मला वाटलं, माणसं नाही बोलली तरी कॉम्प्युटर तर बोलेल." आणि मग अगदी आशेनं विचारलं, "किती मागं निघालं हो दादा?"

भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी बघितला. तोवर मला काही कळलेलं नव्हतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले, ड्रॉवर उघडला. तो जुना सेल घेऊन आले आणि तळहातावर ठेवून नुसते उभे राहिले. धाकटीला तेव्हाही कळलं नाही. त्यांनी सांगितलं. काहीही न लपवता, पंखा, सेल, घड्याळ, सगळं सांगितलं. असा सेल घड्याळ चालवू शकत नाही, पण थांबलेली वेळ आत धरून ठेवतो; तो निघाला की तीही जाते, आणि एकदा गेली की ती कुठंच राहत नाही. "आणि काढण्याआधी बघायचं असतं," म्हणाले. "पहिलं तेच करायचं असतं. माझ्या टेबलावर लिहून चिकटवलंय मी. कॉपी लावली की बघतो, असं मनात होतं."

धाकटीनं त्यांच्या तळहातावरचा सेल उचलून बघितला. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आता कुणालाच कळणार नाही."

भावजींनी जंग जंग पछाडलं. त्या डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, की बाहेरच्या जगाची एखादी तरी वेळ कुठं अडकून राहिली असेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलेली एखादी फाइल, बाहेरून आणलेलं काही. काही नव्हतं. जगापासून तोडलेला कॉम्प्युटर, त्याला त्याचीच वेळ माहीत. मेलेला सेल दाखवून कुणी म्हणेल, घड्याळ मागं पडत असेल. पण त्या दिवशी पडलं होतं का, किती पडलं होतं, हे तो सेल सांगत नाही. ते भावजीच मला म्हणाले.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "भावजी, घड्याळ मागं होतं हे खरं आहे ना?"

"मला वाटतं, खरं आहे."

"वाटतं काय? माझी बहीण खोटं बोलते का?"

"नाही बोलत."

"मग लिहा ना तसं. मी बघितलं, एवढं मागं होतं, असं लिहा. त्या खोलीत तुम्ही आणि मी, तिसरं कोण होतं? मी शपथेवर सांगीन."

"किती मागं लिहू, वहिनी?"

"धाकटीला विचारा."

"विचारलं. ती म्हणते, रोज वेगळं असायचं. कधी दोन तास, कधी पाच." ते ओट्याला टेकून उभे होते, माझ्याकडं बघत नव्हते. "दोन तास लिहिले तर ती तरीही तिथंच होती. पाच लिहिले तर ती सुटते आणि त्या पोराच्या गळ्यात जातं. म्हणजे कुणाला लटकवायचं ते मी ठरवायचं. कॉम्प्युटर नाही."

"ठरवा मग. तुमच्या हातानं झालंय हे."

मी असं बोलले, आणि आजही मागं घेत नाही. खऱ्यासाठी एक वाक्य खोटं लिहायचं होतं. त्या पुतण्यानं रोज उठून खोटं बोलायचं, मालकानं बोलायचं, लॅबमधल्या प्रत्येकानं बोलायचं, आणि आमच्याच घरात तेवढा सत्याचा सोवळेपणा. हे मधे पडले, म्हणाले, "खोटं उघडं पडलं तर दोघंही जातील." मी ह्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुमची बहीण नाहीये ती.

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. टेबलामागं समितीची तीन माणसं, एका बाजूला मालक आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. भिंतीशी मास्तरांची बायको बसली होती. लॅबमधल्या एका बाईला विचारलं, घड्याळ मागं पडायचं का? तिनं पदर बोटाला गुंडाळत सांगितलं, "मला नाही आठवत." धाकटीच्या लग्नात हीच बाई नाचली होती.

मग भावजी उभे राहिले. मी तोवर आशा सोडली नव्हती. मला वाटत होतं, ऐन वेळी हा माणूस तिच्या तोंडाकडं बघेल आणि विरघळेल. वकिलानं विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

"माझ्या वहिनींची बहीण."

"तपासणीच्या वेळी घड्याळ मागं होतं?"

"मला माहीत नाही."

वकीलही थबकला. त्याला वेगळं उत्तर अपेक्षित होतं, त्याची सगळी तयारी त्या उत्तरासाठी होती. भावजी म्हणाले, "मी न बघता सेल काढला. ती वेळ माझ्या हातून गेली. सेल मेलेला होता, एवढंच मी सांगू शकतो. घड्याळ मागं असू शकतं. होतं, असं मी म्हणू शकत नाही." त्यांचा आवाज कापत नव्हता. कापायला हवा होता, असं मला वाटलं.

निकाल लागायला वेळ लागला नाही. धाकटीचं नाव लॅबवाल्यांच्या नोंदणीच्या यादीतून काढलं. आता कुठल्याही लॅबमध्ये तिला काम करता येणार नाही, कधीच. बाहेर पडताना मास्तरांची बायको आमच्यासमोर आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं धाकटीकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "रोज सकाळी फिरायला जायचे ते. तुला एकदा बघायचं होतं." धाकटीनं मान खाली घातली नाही आणि मी केलं नाही असंही म्हणाली नाही. आता म्हणून काय उपयोग होता?

खोलीचं भाडं परवडेना तेव्हा मी तिला घरी आणलं. ती हॉलमध्ये झोपते. पांढरा कोट तिनं फाडून त्याची फडकी केली. भावजींशी ती नीट बोलते, "दादा, जेवायला या" म्हणते, त्यांचं ताट वाढते. मी वाढत नाही. मला काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगते, की गॅसवाला येऊन गेला म्हणावं. भावजी "बरं" म्हणतात.

आणि आता ऐका. सुनावणीनंतर महिन्याभरात मालकाचा तोच वकील आमच्या दारात उभा. त्याच्याकडं दुसरं प्रकरण होतं, कॉम्प्युटर तपासायचा होता. मी दार लावून घेणार होते, पण भावजी बाहेर आले. वकील म्हणाला, असा माणूस मी आजवर बघितला नाही. त्यानं आणखी दोघांना सांगितलं, त्या दोघांनी चौघांना. न्यायालयात भावजींचं नाव घेतलं की म्हणे समोरचा हुज्जत घालत नाही. कपाट भरलं, दुसरं आलं. ऑफिसात अजून त्यांना फुंकरच म्हणतात, पण नोकरी सोडायचं चाललंय. पाटी मोठी केली. भावजींनी स्वतःहून काहीच केलं नाही त्यासाठी, एवढं मी मान्य करते. ते वाळलेत. रात्रीचे जेवत नाहीत धड. पण कामाला नाही म्हणत नाहीत.

परवा मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बेल वाजली, दार धाकटीनं उघडलं. कुणीतरी चांगल्या कपड्यांतला माणूस होता, हातात पिशवी, पिशवीत लॅपटॉप. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"ते तपासणीवाले इथंच राहतात ना? आमच्या वकिलांनी पाठवलंय. म्हणाले, डोळे मिटून द्या. या माणसानं घरच्या बाईचीसुद्धा भीड ठेवली नाही, ती बुडाली तरी खरं तेच बोलला."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

"हो, तेच," धाकटी म्हणाली. "या ना, बसा. मी बोलावते त्यांना." मग तिथूनच मला हाक मारली, "ताई, पाणी आण गं, दादांकडं कुणी आलंय."